बंड्याचं रक्त कशानं आटलं

आमच्या भागात कुत्रं मलूल झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि रिपोर्टात प्लेटलेट कमी आल्या की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं: गोचीड ताप. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. गोचिडीतून अंगात शिरणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू कितीतरी कुत्र्यांना आडवं करतात. म्हणून आमच्या कुत्र्याचा, बंड्याचा, पहिला रिपोर्ट पाहून साताऱ्यातल्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बंड्याचं रक्त गोचिडीनं आटत नव्हतं. त्याच्या पोटात दडून राहिलेल्या एका वृषणात गाठ झाली होती. ती गाठ मादीचं हार्मोन तयार करत होती आणि त्या हार्मोनमुळे त्याच्या हाडांच्या पोकळीत नवं रक्त तयार होणंच थांबत आलं होतं.

आम्ही या सगळ्यातून जात होतो तेव्हा यावर मराठीत वाचायला मला काही सापडलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे इंग्रजीतलं वाचून निदान समजून तरी घेता आलं. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहिते आहे.

बंड्या पांढरा स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सगळे पामेरियनच म्हणतात. तो आमच्याकडे पिल्लू म्हणून आला नाही. कोल्हापूरचं एक कुटुंब परदेशी गेलं, त्यांच्याकडून तो आम्ही घेतला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. सोबत लसीकरणाचं पुस्तक होतं आणि त्यात पहिल्याच पानावर ‘कॅस्ट्रेटेड’, म्हणजे वृषणं काढलेला, असं लिहिलेलं होतं. अंडकोशाची पिशवीही रिकामी, सुरकुतलेली. त्यामुळे हा कुत्रा न्यूटर झालेला आहे हे आमच्यासाठी आणि पुढे त्याला तपासणाऱ्या प्रत्येकासाठी ठरूनच गेलेलं होतं. या एका शब्दानं आमचा फार वेळ खाल्ला.

साधारण नवव्या वर्षी त्याचे केस जायला लागले. आधी दोन्ही कुशींवरचे, मग मांड्यांच्या मागचे, मग मानेभोवतीचे. डावीकडे जेवढे गेले तेवढेच उजवीकडे. खाज नव्हती, खरूज नव्हती, चट्टे नव्हते. हातात धरून हलकं ओढलं तर पुंजका निघून यायचा आणि खालची कातडी काळपट दिसायची. थायरॉइड कमी झालं तरी असेच केस जातात, म्हणून ती तपासणी झाली. ती ठीक आली. तेल बदललं, शॅम्पू बदलला, जेवणात अंडं वाढवलं.

वेगळं काहीतरी चाललंय हे पहिल्यांदा माझ्या सासऱ्यांच्या लक्षात आलं. सकाळ-संध्याकाळ बंड्याला फिरवणं हे अण्णांचं काम. एके दिवशी ते आले आणि म्हणाले, “सूनबाई, गल्लीतले कुत्रे याच्या मागं लागतात गं. दुसरा नर दिसल्यावर गुरगुरतात तसे गुरगुरत नाहीत, हुंगत येतात, अंगावर चढायला बघतात. मला काठी घेऊन जावं लागतं आता.” मग त्यांनी आणखी एक सांगितलं: बंड्या आता खांबापाशी तंगडी वर करत नाही, कुत्रीसारखा खाली बसून लघवी करतो. मला वाटलं, वय झालं, मागचे पाय दुखत असतील. अण्णा मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम होते. “म्हातारा झाला म्हणून कुत्रे मागं लागत नाहीत,” असं ते म्हणाले. त्यांचं बालपण गुराढोरांत गेलेलं. माजावर आलेल्या जनावराभोवती नर कसे वागतात हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

पुढे त्याचे सड मोठे दिसायला लागले. पोटावर दोन ओळींत असलेली ती बारीक टोकं ठसठशीत झाली, एकदोन दाबल्यावर ओलीही झाली. हे आम्ही डॉक्टरांना सांगितलं. पण तोवर बंड्या जिना चढताना मध्येच बसायला लागला होता आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. हिरड्या फिक्या होत्या. रक्त काढलं तर हिमोग्लोबिन 7.4, प्लेटलेट 60 हजारांच्या आत. कुत्र्याचं हिमोग्लोबिन साधारण 12 ते 18 असावं लागतं आणि प्लेटलेट किमान दोन लाख तरी. मग गोचीड ताप गृहीत धरून गोळ्या सुरू झाल्या. जलद चाचणीचं किट निगेटिव्ह आलं, काचपट्टीवर जंतू दिसले नाहीत, तरी गोळ्या चालू राहिल्या, कारण या चाचण्यांतून आजार निसटू शकतो हे खरं आहे. एरवी डॉक्सिसायक्लिननं काही दिवसांत कुत्रं तरतरीत होतं. बंड्या होत नव्हता. एका रात्री त्याचा घोळणा फुटला. नाकातून रक्त येत राहिलं आणि थांबता थांबेना. बर्फ लावून, मांडीवर डोकं धरून आम्ही ती रात्र काढली आणि उजाडताच त्याला गाडीत घालून पुण्याला निघालो. खंबाटकी घाटात तो मागच्या सीटवर अण्णांच्या मांडीवर इतका निपचित पडला होता की ते सारखा त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होते.

पुण्यातल्या डॉक्टर मुंबईला परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या. ते कॉलेज 1886 पासूनचं. मॅडमनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि आधी कुत्रा पाहिला. ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पोटावरचे केस फुंकर मारून बाजूला केले. कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. प्लेटलेट कमी झाल्यावर कातडीखाली असं रक्त झिरपतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याला उताणं धरायला सांगितलं आणि लिंगावरच्या कातडीच्या आवरणाकडे बोट दाखवलं. ते आवरण सुजून लोंबत होतं. त्याच्या खालच्या बाजूनं, पुढच्या टोकापासून अंडकोशाकडे, एक बारीक लालसर काळपट रेघ गेलेली होती, पेनानं ओढल्यासारखी सरळ. इतके महिने पोटावर हात फिरवूनही ती आमच्यापैकी कुणाला दिसली नव्हती.

“याला न्यूटर कधी केलं?” त्यांनी विचारलं. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि दुसरा प्रश्न विचारला, जो मला फार विचित्र वाटला: “घरात कुणी बाई हार्मोनचं मलम किंवा जेल हातापायाला लावतं का?” पाळी जाताना काही बायकांना डॉक्टर असं इस्ट्रोजेनचं जेल देतात. ते लावलेला हात कुत्र्यानं चाटला, किंवा छोटा कुत्रा सारखा त्या कुशीत झोपला, तरी त्याच्या अंगात ते हार्मोन जातं आणि हीच सगळी लक्षणं दिसतात. आमच्या घरात कुणीच तसलं काही वापरत नव्हतं. “मग हार्मोन याच्या आतूनच येतंय,” त्या म्हणाल्या. “आणि पुस्तकात काहीही लिहिलेलं असू दे, एक वृषण आत आहे असं समजून मी शोधणार आहे.”

तिथल्या तिथे त्यांनी आवरणाच्या आतून कापसाच्या काडीनं पेशी घेतल्या, काचपट्टीवर पसरल्या, रंगवल्या आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. चपट्या, कोनाकोनाच्या, कडा दुमडलेल्या पेशी. कुत्री माजावर आली की तिच्या योनीमार्गातल्या पेशी अशाच दिसतात, इस्ट्रोजेनच्या असरानं. नराच्या अंगावर त्या अशा दिसायला नकोत. रक्तातलं इस्ट्रोजेन मोजता येतं, पण तो आकडा खालीवर होत राहतो आणि गाठ असूनही कधीकधी तो नेहमीच्या मर्यादेत येतो. म्हणून त्या एका आकड्यापेक्षा ही काचपट्टी आणि कुत्र्याचं अंग जास्त खरं सांगतं, असं त्यांचं मत. मला ते पटलं.

सोनोग्राफीत दोन गोष्टी सापडल्या. पहिली, त्याची प्रोस्टेट ग्रंथी मोठी होती आणि तिच्यात पाण्याच्या पोकळ्या होत्या. ज्या कुत्र्याची दोन्ही वृषणं काढलेली असतात त्याची प्रोस्टेट सुकून बारीक होते. दुसरी, मूत्राशयाच्या उजव्या अंगाला पाच सेंटिमीटरचा एक गोळा, आत काळ्यापांढऱ्या कप्प्यांचा. पिल्लू पोटात असताना वृषणं मूत्रपिंडाच्या मागे तयार होतात आणि जन्मानंतर हळूहळू जांघेतून खाली उतरतात. बहुतेक पिल्लांत दोन महिन्यांच्या आत ती पिशवीत येतात. सहा महिन्यांपर्यंत आलं नाही तर ते येणार नाही असंच धरायचं. उजव्या बाजूचं अडकणं जास्त दिसतं. लहान जातींत, पामेरियन, यॉर्कशायर, चिवावा यांच्यात, हा दोष नेहमी आढळतो. बॉक्सर आणि जर्मन शेफर्डमध्येही असतो. आणि तो वंशपरंपरेनं येतो.

म्हणजे झालं होतं ते असं: कोल्हापूरला कुणीतरी बंड्याचं खाली आलेलं एकच वृषण काढलं होतं. दुसरं पोटात राहिलं होतं. पोट उघडून ते शोधावं लागलं असतं. ते केलं नाही आणि पुस्तकात शब्द मात्र पूर्ण लिहिला. ‘एक काढलं, एक आत आहे’ एवढे पाच शब्द कुणी लिहिले असते तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच हे मिटलं असतं. मला याचा आजही राग येतो.

आता गाठीबद्दल. वृषणात मुख्यतः दोन प्रकारच्या कामकरी पेशी असतात. शुक्रनलिकांच्या बाहेर असलेल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन करतात. नलिकांच्या आत असलेल्या सर्टोली पेशी शुक्रजंतूंना वाढवतात, त्यांचं पोषण करतात. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञानं त्यांचं वर्णन 1865 साली केलं आणि पुढे त्यानं मिलानच्या पशुवैद्यक शाळेत शिकवलं, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. पिशवीतलं तापमान पोटापेक्षा काही अंशांनी कमी असतं आणि शुक्रजंतू तयार व्हायला तो गारवा लागतो. पोटात राहिलेल्या वृषणात शुक्रजंतूंच्या पेशी उष्णतेनं मरून जातात, सर्टोली पेशी मात्र टिकतात. वर्षानुवर्षं अशा जागी राहिल्यावर त्यांच्यात गाठ होण्याचा धोका जागेवरच्या वृषणापेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. कुत्र्यांच्या वृषणात लायडिग पेशींची गाठ होते, शुक्रजंतू देणाऱ्या पेशींची सेमिनोमा नावाची गाठ होते आणि ही सर्टोलीची होते. मादीपणा आणणारी बहुतेकदा सर्टोलीचीच, आणि ती पोटातल्या वृषणात असली तर तिचा जोर जास्त.

ती गाठ इस्ट्रोजेन सोडते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी ते इस्ट्रोजेन पाहून वृषणाला चालना देणारी आपली हार्मोन्स कमी करते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनही घसरतं. एक वाढतं, दुसरं पडतं. बंड्याच्या अंगावर जे जे दिसत होतं, केस, सड, लोंबणारी कातडी, खाली बसणं, मागे लागणारे नर, ते सगळं या दोन हार्मोन्समधल्या बिघाडाचं होतं. इथपर्यंतचं सगळं नुसतं विचित्र. जीवघेणं होतं ते रक्ताचं.

माणसात, बाई असो की बाप्या, इस्ट्रोजेन अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मऊ भाग, मारत नाही. कुत्र्यात मारतं. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यातही मारतं: त्याची मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही तर तिचा माज लांबत जातो आणि ती रक्त आटून मरू शकते. चुकून जुगलेल्या कुत्रीला गाभ राहू नये म्हणून पूर्वी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन द्यायचे, त्यानंही कितीतरी कुत्र्यांची मज्जा सुकली आणि म्हणून ते मागे पडलं. मॅडमनी क्रम समजावून सांगितला. इस्ट्रोजेन वाढल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पांढऱ्या पेशी उलट वाढलेल्या दिसतात. मग प्लेटलेट पडतात, मग पांढऱ्या पेशी पडतात, मग तांबड्या. तांबड्या शेवटी का, तर कुत्र्याची तांबडी पेशी एकदा तयार झाली की जवळजवळ चार महिने जगते. प्लेटलेट आठवडाभर, आणि जंतूंशी लढणारी पांढरी पेशी रक्तात काही तासच. उत्पादन सगळ्यांचंच बंद पडलेलं असतं, पण साठा ज्याचा लवकर संपतो त्याची कमतरता आधी दिसते. मी इतकी वर्षं मुलांना तांबड्या पेशींचं आयुष्य शिकवलं, त्याचा अर्थ मला त्या दिवशी, त्या खुर्चीत बसून कळला.

बंड्याचे त्या दिवशीचे आकडे: हिमोग्लोबिन 6.1. रक्तातला पेशींचा भाग, ज्याला पीसीव्ही म्हणतात, 18 टक्के. तो 37च्या वर हवा. पांढऱ्या पेशी 3,200. प्लेटलेट 32 हजार. आणि सगळ्यात वाईट आकडा रेटिक्युलोसाइटचा. रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्या बाहेर पडलेल्या, कच्च्या तांबड्या पेशी. रक्त वाहून गेलं किंवा जंतूंनी पेशी फोडल्या तर मज्जा जोरात काम करते आणि या कच्च्या पेशी रक्तात वाढतात. बंड्याच्या रक्तात त्या जवळपास नव्हत्याच. मज्जेचा थेंब काढून पाहायचा ठरला. हलकी गुंगी देऊन पुढच्या पायाच्या वरच्या हाडात, खांद्याजवळ, सुई घातली. काचपट्टीवर पेशींच्या जागी बहुतेक चरबीच दिसत होती. तरी काही बेटं जिवंत होती, आणि मॅडम त्या बेटांवर बोट ठेवून म्हणाल्या, “यांच्या भरवशावर आपण ऑपरेशन करू.”

त्यांनी काही लपवलं नाही. तिन्ही प्रकारच्या पेशी पडलेल्या कुत्र्यांपैकी बरेच गाठ काढूनही वाचत नाहीत. काही रक्तस्रावानं जातात, काही साध्या जंतुसंसर्गानं. गाठ काढल्यावर इस्ट्रोजेन लवकर उतरतं, पण मज्जा उठायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि कधी ती उठतच नाही. काढली नाही तर मात्र मरण नक्की. माझा नवरा खर्चाचा हिशेब विचारत होता, मी धोक्याचा. अण्णा मध्येच म्हणाले, “मॅडम, तुमचा कुत्रा असता तर?” त्या म्हणाल्या, “आज रक्त दिलं असतं आणि उद्या पोट उघडलं असतं.” त्यावर आमच्यात पुढे चर्चा झाली नाही.

रक्तासाठी मैत्रिणीचा लॅब्रॉडॉर धावून आला. दाता कुत्रा 25 किलोच्या वरचा, तरुण, लसी झालेला आणि गोचीड तापासाठी तपासून निर्धोक ठरलेला लागतो. हा 32 किलोचा. त्याला औषध देऊन झोपवावंही लागलं नाही. मैत्रीण त्याचं डोकं कुशीत धरून बसली, मानेवरचे केस भादरून मानेच्या शिरेतून रक्त काढलं, माणसांसाठी असते त्याच साडेतीनशे मिलिलिटरच्या पिशवीत. पिशवी वजनकाट्यावर ठेवून हळूहळू हलवत राहायची, म्हणजे आतलं औषध मिसळतं आणि रक्त गोठत नाही. कुत्र्यांतही रक्तगट असतात. पण पहिल्यांदा रक्त घेणाऱ्या कुत्र्याच्या अंगात परक्या गटाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सहसा आधीपासून नसतात, त्यामुळे पहिली वेळ बरीच सुरक्षित असते. दुसऱ्या वेळी जुळवून पाहणं सक्तीचं. मॅडमनी पहिल्या वेळीही दोघांचं रक्त काचेवर मिसळून पाहिलं. ताजंच रक्त हवं होतं, कारण फ्रिजमध्ये ठेवलेल्या रक्तातल्या प्लेटलेट कामाच्या राहत नाहीत आणि ऑपरेशनला आम्हाला प्लेटलेटच हव्या होत्या.

अकरा किलोच्या बंड्याला 220 मिलिलिटरच्या आसपास रक्त दिलं. पहिला अर्धा तास थेंब थेंब. ताप चढतो का, उलटी होते का, तोंड सुजतं का, हे बघत एक मदतनीस त्याच्याजवळून हलला नाही. मग वेग वाढवला, पण चार तासांच्या आत पिशवी संपवायची असते, त्याच्या पुढे बाहेर राहिलेल्या रक्तात जंतू वाढण्याचा धोका. अर्धी पिशवी गेली असेल तेव्हा बंड्यानं मान उचलली. मी त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरडीवर गुलाबी छटा आली होती. अण्णांना दाखवली तर ते काही बोलले नाहीत, पण बाहेर जाऊन घरी फोन करून सगळ्यांना सांगून आले.

दुसऱ्या दिवशी पीसीव्ही 27 होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. सर्टोलीची गाठ पसरण्याचं प्रमाण कमी असतं, पण पसरली तर ती जवळच्या लसिका गाठींत (लिम्फ नोडमध्ये) आणि फुप्फुसात जाते, म्हणून आधी तो पाहायचा. ऑपरेशन पोटाच्या मधोमध चीर देऊन. गाठ मूत्राशयाला नुसती टेकलेली होती, चिकटलेली नव्हती. तिचा देठ एकदा पिळवटलेला होता. तो आणखी पिळला असता तर पोटात अचानक वेगळंच संकट उभं राहिलं असतं. मॅडमनी जवळच्या लसिका गाठी हातानं चाचपून पाहिल्या, त्या मऊ आणि बारीक होत्या. चिरेतून रक्त झिरपत होतं, पण आटोक्यात राहिलं. काढलेलं वृषण त्यांनी आम्हाला दाखवलं. मोठ्या लिंबाएवढं, टणक, कापल्यावर आत पांढरट पिवळं आणि थोडं तेलकट. तपासणीला पाठवलं. अहवाल आला तो सर्टोली पेशींच्या गाठीचा, आवरण शाबूत.

मला वाटलं होतं की गाठ निघाली म्हणजे सुटलो. खरी कसोटी त्यानंतरची होती. पहिल्याच आठवड्यात बंड्याच्या पांढऱ्या पेशी आणखी खाली गेल्या. त्या इतक्या कमी असताना कुत्र्याला आतड्यातल्या स्वतःच्याच जंतूंपासूनही धोका असतो. म्हणून अँटिबायोटिक, दिवसातून दोनदा ताप मोजणं, कच्चं मांस बंद, बागेत नेणं बंद, दुसऱ्या कुत्र्यांना भेटणं बंद. घरात सर्दी झालेल्या माणसालाही आम्ही हात धुवून यायला सांगायचो. पाहुण्यांना ते अति वाटायचं. आम्हाला वाटत नव्हतं. पांढऱ्या पेशी वाढवायला फिलग्रास्टिमची इंजेक्शनं दिली. ते औषध माणसाच्या प्रथिनाचं असल्यानं कुत्र्याचं शरीर काही काळानं त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लागतं, म्हणून मोजकेच डोस. मधे पीसीव्ही पुन्हा 20 पर्यंत आला, तेव्हा दुसऱ्यांदा रक्त द्यावं लागलं. या वेळी त्याच लॅब्रॉडॉरचं रक्त जुळलं नाही. अण्णांच्या कोरेगावच्या मित्राच्या शेतावरच्या गावठी कुत्र्याचं जुळलं. तो गडी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसला आणि पुण्याला जाऊन रक्त देऊन आला.

दर आठवड्याला रक्त तपासून आकडे वहीत लिहायचे, हे माझं काम. कितीतरी पानं तेच ते. मग एकदा पांढऱ्या पेशी हलल्या. नंतर प्लेटलेट 50 हजारांवरून 85 वर, 85 वरून सव्वा लाखावर. तांबड्या पेशींचा आकडा तेव्हाही तिथंच होता, पण कोपऱ्यातला तो छोटा आकडा, रेटिक्युलोसाइटचा, पहिल्यांदा वाढला. मॅडमना तो फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला: “मज्जा उठली. आता हिमोग्लोबिनची काळजी करू नका, ते मागून येईल.” आणि ते आलं, पण हळू. पडताना शेवटी पडलेल्या तांबड्या पेशी उठतानाही शेवटीच उठल्या. सहा महिन्यांनंतरच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन 13.2 होतं.

शरीरावरच्या खुणा त्याच्या आधीच पुसट व्हायला लागल्या होत्या. सड बसले. ती रेघ फिकी होत गेली आणि एके दिवशी शोधूनही सापडेना. कुशींवर आधी मऊ, कापसासारखी लव आली, मग तिच्यातून खरे केस. प्रोस्टेट पुढच्या सोनोग्राफीत निम्मी झालेली होती. गल्लीतल्या कुत्र्यांनी त्याचा नाद सोडला आणि अण्णांनी काठी कोपऱ्यात ठेवून दिली.

त्यानंतर मी कोल्हापूरच्या त्या कुटुंबाला परदेशात फोन लावला. भांडायला नाही. वृषण अडकणं वंशपरंपरेनं येतं, तेव्हा बंड्याच्या भावंडांचं काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्यांना फक्त एका भावाचा पत्ता माहीत होता, सांगलीला दिलेला. त्या घरी मी स्वतः बोलले. ताई म्हणाल्या, आमच्याचं तर ऑपरेशनच केलेलं नाही, त्याला पिशवीत एकच आहे, दुसरं लहानपणापासून दिसलंच नाही, पिल्लू विकणारा म्हणाला होता की मोठा झाल्यावर उतरेल. मी त्यांना सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी लगेच करून घ्या असं सांगितलं आणि बंड्याचे सगळे रिपोर्ट पाठवले. त्याचं रक्त उत्तम निघालं. पोटातल्या वृषणात मात्र दीड सेंटिमीटरची गाठ होती. दोन्ही वृषणं काढली, आणि या वेळी तिथल्या डॉक्टरांनी पुस्तकात ‘दोन्ही काढली, उजवं पोटातून’ असं लिहून खाली सही केली.